पितळाची भट्टी आणि घटीचा हिशेब
(महाजनांच्या सभेत केलेल्या भाषणाचा पाठ)



कोठीत वर्षानुवर्षे साठलेली मोडकी पितळी उपकरणी वितळवून त्यांच्या नव्या समया ओतून घ्याव्यात, असा ठराव मघाशी आपणांपुढे वाचण्यात आला. ठराव योग्यच आहे. मात्र ओताऱ्याशी करावयाच्या कराराच्या मसुद्यात एक कलम असे आहे की, जितके वजन त्याच्या हवाली करावयाचे तितकेच वजन त्याच्याकडून परत घ्यावयाचे, आणि जे कमी भरेल त्याची किंमत मजुरीतून वजा करावयाची. या कलमासंबंधी मी हरकत घेतली, तेव्हा अध्यक्ष महाशयांनी मलाच उभे करून, "मग काय ते सविस्तर सांगा," अशी आज्ञा केली. मी धातुशास्त्राचा पंडित नव्हे. लिसेंवमध्ये पदार्थविज्ञान आणि रसायन यांचे जे थोडे पाठ झाले तेवढीच माझी पुंजी. बाकीचे आयुष्य जमाखर्चाच्या वह्या लिहिण्यात गेले. परंतु त्यांतली काही वर्षे सुरतेत गेली, आणि पितळाच्या भट्टीचा व वहीचा तंटा मी तेथे जवळून पाहिला. त्या आधारावर हे चार शब्द.

पितळ म्हणजे तांबे आणि जस्त, हे आपण सारेच जाणतो. दोन धातू एका मुशीत घालावयाचे, भाता चालवावयाचा, की झाले पितळ, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात या दोन धातूंचे स्वभाव इतके भिन्न आहेत की त्यांचा संसार जमवणे ही मोठी कारागिरी आहे. तांबे १०८५ अंश सेल्सिअसला वितळते. जस्त ४२० अंशांच्या आसपासच पातळ होते आणि ९०७ अंशांवर चक्क उकळू लागते. म्हणजे तांबे अजून घट्ट असतानाच जस्ताची वाफ होऊन ते निघून जावयास सिद्ध असते. म्हणून जाणता ओतारी आधी तांबे पातळ करतो, त्यावर कोळशाच्या भुकटीचा वा काचेच्या चुऱ्याचा थर धरतो, जस्ताचे तुकडे मुशीच्या तोंडाशी कोमट करून घेतो आणि सांडशीत धरून एकेक तुकडा तांब्याच्या पृष्ठाखाली दाबतो. तसे करतानाही मुशीतून हिरवट-पांढरी ज्वाळा उठते आणि पिंजलेल्या कापसासारखे पांढरे तंतू हवेत तरंगू लागतात. हे जळालेले जस्त. युरोपातील जुने किमयागार या तंतूंना तत्त्वज्ञांची लोकर म्हणत. तत्त्वज्ञांच्या हाती बहुधा तेवढेच लागत असावे.

कांशाची गोष्ट वेगळी. कांसे म्हणजे तांबे आणि कथील. कथिलाला उकळावयास अडीच हजारांहून अधिक अंश लागतात, म्हणून ते मुशीतून पळत नाही. यामुळेच जगात कांसे फार आधी आले आणि पितळाला विलंब लागला. आपल्या देवळांतील घंटा ज्या धातूच्या असतात तो कांशाच्या जातीचा. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातील १७२१ सालची पोर्तुगीज घंटा अनेकांनी पाहिली असेल. चिमाजी अप्पांच्या १७३९ च्या वसई मोहिमेशी तिचा संबंध सांगितला जातो. घंटेला नाद हवा म्हणून कांसे. समईला उजळ पिवळा रंग हवा आणि तिचे नक्षीकाम कोरता आले पाहिजे म्हणून पितळ.

जस्त पळते, तर प्राचीनांनी पितळ केले कसे? त्यांनी धातुरूप जस्त पाहिलेच नव्हते. जस्ताची माती, जिला आपले रसग्रंथ रसक अथवा खर्पर म्हणतात, ती भाजून, कोळशाची पूड व तांब्याचे बारीक तुकडे यांच्यासह बंद मुशीत तापवली, की मातीतून सुटलेली जस्ताची वाफ बाहेर न जाता तांब्यातच मुरते. रोमन लोकांनी आपली पितळी नाणी अशीच केली. इराणात किरमानजवळ तुतिया, म्हणजे जस्ताची राख, कशी धरतात याचे वर्णन मार्को पोलोने केले आहे. या रीतीला मात्र एक मर्यादा आहे : तांबे शेकडा २८ च्या आसपास जस्त पिते, त्यापलीकडे सहसा पीत नाही. हा २८ चा आकडा आपण ध्यानात ठेवावा, पुढे त्याचे काम आहे.

जस्ताला एकटे पकडून धातुरूपात घट्ट करणे ही विद्या मोठ्या प्रमाणावर प्रथम साधली ती मेवाडात, उदयपूरच्या दक्षिणेस सुमारे ४० किलोमीटरवर असलेल्या जावर येथे. तेराव्या शतकाच्या सुमाराच्या 'रसरत्नसमुच्चय' या ग्रंथात वांग्याच्या आकाराची मूस, म्हणजे वृंताकमूषा, सांगितली आहे. १९८० नंतरच्या दशकात बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे के. टी. एम. हेगडे, ब्रिटिश म्युझियमचे पॉल क्रॅडक आणि हिंदुस्तान झिंक या कंपनीचे तज्ज्ञ यांनी जावरला उत्खनन केले, तेव्हा त्याच घाटाच्या मुशी भट्टीत जागच्या जागी उभ्या सापडल्या. एकेका भट्टीत छत्तीस मुशी, सहा ओळींत सहा-सहा. मुशीत खनिज, कोळसा व मीठ यांच्या गोळ्या भरावयाच्या, तोंडाला नळी बसवावयाची, नळीत एक काडी खोचावयाची आणि मूस उलटी करून जाळीदार विटेवर ठेवावयाची. काडीमुळे आतला माल खाली सांडत नाही. भट्टी पेटली की काडी जळून जाते आणि वाट मोकळी होते. वर हजार-अकराशे अंशांची आग, खाली थंड कोठडी. जस्ताची वाफ वर निघावयाची ती खाली उतरते आणि हवेचा स्पर्श होण्यापूर्वीच थिजून थेंब होते. त्या काडीची युक्ती ज्याला प्रथम सुचली त्याचे नाव कोणत्याही पोथीत नाही. जावरला वापरून टाकलेल्या मुशींचे डोंगर पडले, आणि लोकांनी त्याच मुशी विटांसारख्या रचून घरांच्या भिंती बांधल्या; त्या भिंती आजही तेथे दिसतात.

अकबराच्या दरबारी अबुल फजल याने 'आईन-ए-अकबरी'त, म्हणजे सोळाव्या शतकाच्या अखेरीस, जस्ताचा उल्लेख केला आहे. तत्त्वज्ञांच्या ग्रंथांत हा धातू आढळत नाही, पण हिंदुस्थानात अजमेर सुभ्यातील जालोर प्रदेशी त्याची खाण आहे, असे तो सांगतो. कित्येक जण यालाच 'रूह-ए-तुतिया', म्हणजे तुतियाचा आत्मा, समजतात असेही तो नोंदवतो. पळून जाणाऱ्या धातूला याहून समर्पक नाव मला ठाऊक नाही. पुढे तो पितळाचे तीन प्रकार देतो : अडीच शेर तांब्याला एक शेर जस्त, हे थंड स्थितीत ठोकता येते, दोन शेराला एक शेर, हे तापवून ठोकावे, आणि दोन शेराला दीड शेर, हे ठोकता येत नाही, केवळ ओतता येते. आता आपला २८ चा आकडा काढावा. पहिल्या प्रकारात जस्त शेकडा साडेअठ्ठावीस पडते, दुसऱ्यात तेहेतीस, तिसऱ्यात जवळजवळ त्रेचाळीस. तिसरे पितळ मातीतून वाफ मुरवून होणारच नाही. दोन धातू मुशीत एकत्र वितळवूनच ते होते. म्हणजे ही रीत आपल्याकडे तेव्हा रुळलेली होती, हे कारकुनी गणितानेही सिद्ध होते.

आता सुरत. जुन्या काळी या किनाऱ्यावरील मोठ्या बंदरांत तापीकाठच्या या नगराचे स्थान अव्वल होते. मोठी जहाजे सुवाळीला नांगर टाकीत आणि माल तेथून शहरात येई. इंग्रजांनी १६१३ मध्ये तेथे वखार घातली, मागोमाग डच आले. आपल्या लोकांना सुरत आठवते ती शिवछत्रपतींच्या १६६४ आणि १६७० च्या स्वाऱ्यांमुळे. विरजी व्होरा या धनाढ्य व्यापाऱ्याचा वाडा पहिल्या स्वारीत लुटला गेला, हे शाळकरी मुलालाही माहीत असते. परंतु त्याच सुरतेच्या बाजारात कोणते धातू उतरत होते, तिकडे आपले लक्ष जात नाही. जपानशी व्यापार करण्याची मुभा १६४१ पासून युरोपीयांपैकी एकट्या डचांनाच नागासाकीच्या देशिमा बेटावर होती. तेथून ते तांब्याच्या कांड्या आणीत, आणि त्या बटाव्हियाच्या वाटेने सुरतेला पोचत. या जपानी कांड्या पाण्याखाली ओतीत, त्यामुळे त्यांना लालभडक तकाकी येई. दुसरीकडून चीनचे जस्त मकावच्या पोर्तुगीज गलबतांतून गोव्यास व सुरतेस येई. पुढे इंग्रजांचीही जहाजे ते आणू लागली. पोर्तुगीज त्याला 'तुतेनागा' म्हणत. पितळाला पोर्तुगीजांत शब्द 'लातांव', तांब्याला 'कोब्र'. पण जस्तासाठी त्यांना हा पूर्वेकडचा शब्द उचलावा लागला, यावरूनच तो धातू त्यांना कोठे भेटला ते कळते. स्वीडनचे 'गोथेबोर्ग' नामक जहाज १७४५ मध्ये चीनहून परतताना स्वतःच्या बंदराच्या तोंडाशी बुडाले. त्यातून पुढे हेच जस्त बाहेर काढले गेले.

जपानचे तांबे आणि चीनचे जस्त अशा रीतीने तापीकाठी एका बाजारात येत होते. कोकण-गोमंतकातील जुन्या घरांतून जी घागर, जे तपेले, जी समई आपण पाहतो, ती या मातीतली खरी, पण तिचा धातू पुष्कळदा समुद्रावरून आलेला. आमच्याकडे सारे पोर्तुगीजांनी आणले, असे म्हणणारा एक पक्ष आहे. आमच्या पूर्वजांना सारेच आधीपासून येत होते, असे म्हणणारा दुसरा. पितळाची हकीकत दोघांनाही पुरती सोयीची नाही.

इंग्लंडात जस्त गाळण्याचे पेटंट ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियनने १७३८ मध्ये घेतले. त्याचीही वाफ वरून खालीच उतरते. जावरशी हे साम्य डोळ्यांत भरते, तथापि साम्य म्हणजे पुरावा नव्हे. दोन धातू थेट एकत्र वितळवून पितळ करण्याचे पेटंट जेम्स इमर्सनला मिळाले ते १७८१ मध्ये, म्हणजे अबुल फजलनंतर दोन शतकांनी. पुढे काळ फिरला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, मेवाडातील धामधूम आणि दुष्काळ यांत, जावरच्या भट्ट्या विझल्या. त्या धामधुमीत मराठी फौजांचा वाटा होता, हेही नमूद केले पाहिजे. विलायतेतून पितळाचे तयार पत्रे येऊ लागले आणि आमचे कारागीर मुशीकडून हातोडीकडे वळले.

आता ज्या तंट्यासाठी मी उभा राहिलो त्याकडे येतो. सुरतेत मी ज्या पेढीवर होतो तिचा, इतर उलाढालींबरोबर, भांड्यांच्या मोडीचा व्यवहार होता. मोड कंसाऱ्याकडे द्यावयाची, तो ती गाळून लगडी वा ओतीव काम करून देई. माझ्या वहीत तीन रकाने असत : दिलेले वजन, आलेले वजन, घट. आमच्या ज्या वृद्ध कंसाऱ्याकडे काम जाई, त्याचे १०० किलोचे ९७, कधी साडेसत्त्याण्णव परत येत. भट्टीशी तो बोलत नसे, कोणालाही बोलू देत नसे. ज्वाळेचा रंग बघून तो मूस उतरवी. पेढीवरच्या वरिष्ठांचा ठाम समज असा की, हे अडीच-तीन किलो कंसारा घरी नेतो. त्यांनी एका वर्षी मागची सारी घट बेरीज करून त्याच्या मजुरीतून कापली. म्हातारा भांडला नाही. त्याने मूस आणि सांडशी पुसून ठेवल्या आणि पुढच्या आठवड्यापासून तो आला नाही. त्याचा मुलगा आधीच यंत्रमागावर गेला होता. नवा मनुष्य आला, तो वजनाला वजन भरून देई. वरिष्ठ संतुष्ट झाले. दोन वर्षांनी त्याच्या ओतीव कामांना तडे जाऊ लागले, तेव्हा कळले की तो शिशाची भर घालीत होता.

कंसाऱ्याची बाजू वहीत कशी मांडावी, हे मी नंतर पुष्कळ दिवस ताडून पाहिले, आणि ते इतके सोपे आहे की येथे सांगतो. तांबे भट्टीत उडत नाही, उडते ते जस्त. समजा, १०० किलो पितळ दिले, त्यात तांबे ७० आणि जस्त ३०. गाळून साडेसत्त्याण्णव आले. घट आगीने केली असेल तर तांबे ७० किलोच राहील आणि त्याचे प्रमाण शेकडा ७० वरून जवळपास ७२ वर चढेल; पितळ किंचित तांबूस दिसेल. घट हाताने केली असेल, म्हणजे अडीच किलो पितळच उचलले असेल, तर प्रमाण होते तेच, ७०, राहील. आणि खोटी भर घातली असेल तर तांब्याचे प्रमाण खाली येईल व शिसे वर दिसेल. चोर कोण, आग की हात, हे तांबेच सांगते. सोनाराच्या मुशीत असा प्रश्न येत नाही, कारण सोने उडत नाही. म्हणून सोनाराचा कायदा ओताऱ्याला लावणे हा मूळचाच अन्याय आहे. 'पितळ उघडे पडणे' ही आपली म्हण मुलामा आणि कल्हई यांवरून आली आहे, पण खरोखरच पितळ उघडे पाडावयाचे तर ते असे पाडता येते.

पूर्वी ही परीक्षा प्रयोगशाळेतच होई. आता भंगाराच्या मोठ्या व्यापाऱ्यांकडे क्ष-किरणांवर चालणारे, हातात धरण्याजोगे यंत्र असते. ते भांड्याला टेकवले की काही क्षणांत तांबे, जस्त, शिसे यांचे आकडे दाखवते. जामनगरच्या पितळी सुट्या भागांच्या कारखान्यांत देशोदेशीचे भंगार येते, तेथे असल्या तपासणीवाचून चालत नाही. एवढेच की, जुन्या भांड्याच्या पृष्ठावरील जस्त कधीकधी झिजलेले असते, म्हणून एक जागा कानशीने घासून मग यंत्र टेकवावे.

घटीची आणखीही प्रामाणिक कारणे आहेत. आपल्या कोठीतील समयांवर पिढ्यांचे तेल आणि काजळी आहे, पोकळ दांड्यांत लाख भरलेली आहे, मधे लोखंडी गज आहेत, डाखाचे कथील-शिसे आहे. हे सारे आज पितळ म्हणून तोलले जाईल आणि भट्टीत पितळ म्हणून उतरणार नाही. पातळ पत्र्याची भांडी जाड तुकड्यांपेक्षा अधिक जळतात. शिवाय मुशीवरच्या मळीत धातूचे बारीक मणी अडकलेले असतात. सोनाराची धूळ झारेकरी धुतो, तशी ही मळीही कुटून धुता येते, आणि ती कोणाची हे करारात लिहिलेले असावे. मसुद्यात त्याविषयी अक्षरही नाही.

एक गोष्ट मसुद्याच्या बाहेरची. ती पांढरी लोकर जो मनुष्य दिवसभर श्वासावाटे घेतो त्याला संध्याकाळी हुडहुडी भरते, ताप चढतो, तोंडाला धातूची चव येते, आणि दुसऱ्या दिवशी ताप उतरतो. काही दिवस काम चालले की शरीर सरावते. सुटी झाली की सराव मोडतो, म्हणून सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी त्रास अधिक. विलायतेतील ओतारी याला सोमवारचा ताप म्हणत. आमचा म्हातारा कंसारा त्यावर दूध आणि गूळ घेई. त्याने समाधान मिळत असेल, धूर काही कमी होत नाही. धूर कमी होतो तो उंच धुराड्याने, वाऱ्याच्या दिशेने मांडलेल्या भट्टीने आणि मूस गरजेपेक्षा जास्त न तापवल्याने. ज्या उपायांनी कारागिराचा ताप टळतो, त्याच उपायांनी आपली घटही टळते. वजनाला वजन मागणारा मालक मात्र कारागिराला घाई करावयास लावतो, आणि घाईत मूस तापते.

म्हणून माझी सूचना अशी आहे. मोड ओताऱ्याच्या समक्ष तोलावी, आणि तोलण्यापूर्वी लाख, गज व काजळी काढून टाकावी. तीन-चार जागचे नमुने यंत्रावर तपासून आकडे दोघांच्या सहीने लिहावेत. शेकडा तीनपर्यंतची घट मान्य असावी. त्याहून अधिक झाल्यास तांब्याचे प्रमाण पाहून निर्णय व्हावा. उडालेल्या जस्ताच्या भरपाईसाठी नवे जस्त आपण विकत घेऊन द्यावे, ते शेवटी, मूस उतरवण्याच्या बेतात असताना, पडावे. मळी आपली.

आणि वितळवण्याच्या ढिगातून ज्या उपकरणीवर अक्षरे आहेत ती आधी वेगळी काढावीत. काल कोषाध्यक्षांबरोबर मी ढीग चाळला, तेव्हा काजळीखाली दोन समयांच्या बैठकीवर देणाऱ्यांची नावे आणि एका घंगाळाच्या काठावर शक लागला. काजळी चिंचेने निघते. उरलेली भांडी घासावयास रविवारी सकाळी जे येतील त्यांनी चिंच घरूनच आणावी.